व्याधाचा जोडीदार

एका ताऱ्यावर इतका जीव लावणारा माणूस आमच्या आतोबांशिवाय अख्ख्या मध्यप्रांतात दुसरा झाला नसेल. आत्या आणि ते जबलपूरला नेपियर टाउनात राहत. आतोबा शाळेत विज्ञान शिकवत. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेल्या दुर्बिणीला त्यांनी लोलक जोडला होता. लोलकातून उजेडाचे रंग उलगडतात आणि मधल्या काळ्या रेघा ताऱ्याची कुंडली सांगतात, हे ते भाजीवालीलाही ऐकवत. त्यांचा तारा म्हणजे व्याध. खरं तर व्याधही नव्हे, त्याच्याभोवती फिरणारा, त्याच्या झगझगाटात हरवलेला चिमुकला श्वेत बटू. "त्याची काडेपेटीभर माती पनागरच्या बैलजोडीला ओढवणार नाही!" हे सांगताना आतोबांनाच धाप लागे. त्या बटूचा उजेड एकदा लोलकातून पाहायचा, एवढीच त्यांची आयुष्यातली इच्छा होती.

माझ्या बहिणीच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हाती दिलं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तरी अंतरपाट खाली येईना. आतोबा मोकळ्या हातातल्या लोलकातून मांडवातली गॅसबत्ती न्याहाळत होते. "थांबा न जी, ह्यात एकही रेघ नाही दिसून राहिली!" भटजी ओरडले, "मास्साब, छोड़िए अब!" मांडव हसला. आतोबांना मात्र त्या अंतरपाटातच युक्ती सापडली. मोठ्याला झाकलं की धाकटा दिसेल!

आत्यानं खराट्याची काडी काजळानं माखून दुर्बिणीत बसवून दिली. हिवाळ्यात दिवेलागण झाली की दोघं अंगणात बसत. आतोबा अखंड बोलत, आत्या कंदील पदराआड धरून ऐकत असे. त्यांच्या बोलण्यापुढे ती तिथं आहे हेही पाहुण्यांच्या ध्यानात येत नसे. व्याध काडीआड जाई, पण कडेनं त्याचा उजेड सांडतच राही. बटू काही दिसला नाही. "पुढच्या माघात पाहू," आतोबा म्हणत.

पुढच्या माघापर्यंत ते राहिले नाहीत.

त्या माघात मी आत्याला भेटायला गेलो. दिवेलागण झाली होती. दुर्बीण फडक्यात गुंडाळलेली होती, आणि आत्या अंगणात एक डोळा मिटून, व्याधावर अंगठा धरून उभी होती.

"दिसला का गं बटू?"

"नाही रे."

"मग काय पाहून राहिली?"

"ज्याला झाकलं, तोच दिसून राहिला."

मला आतोबांची फार फार आठवण आली. तिचा हात खाली येईना, आणि 'आत्या, सोड आता' असं काही माझ्याच्यानं म्हणवलं नाही.