सौंदर्याची पकड

सौंदर्या हे नाव ऐकून भेटायला आलेला माणूस एकदा तिच्याकडं बघतो आणि एकदा तिच्या मागं, की खरी सौंदर्या मागनं येतीय की काय! रुंद खांदे, आखूड कापलेले केस, मॅटवर घासून घासून चपटा झालेला डावा कान. आता आईनं, बसव्वानं, बारशात नाव ठेवलं तेव्हा ही पोरगी पुढं जाऊन माणसं उचलून आपटणार आहे, हे त्या माउलीला काय ठाऊक? पण हसली की नाव शोभतं हो तिला. फक्त ती हसायची कमी, आणि गेल्या वर्षापासनं तर फारच कमी.

गडहिंग्लजला तिच्या बापाचं, ईरप्पाचं, मिरचीचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भांडण असलं की दोन्ही. कळायला लागल्यापासनं पोरगी मिरचीची पोती चढवायची, उतरवायची. पोत्याला धरायला काय कान असतो का मूठ असते? दोन्ही हात भोवती घालायचे, आपलंच मनगट आपण धरायचं आणि उचलायचं. तशी तिची पकड तयार झाली. उचगावला कुस्ती शिकवणारे खंडू वस्ताद एकदा मिरची घ्यायला म्हणून दुकानात आले आणि मिरची विसरून पोरीकडंच बघत उभे राहिले.

"पावणं, ही पोरगी मला द्या."

ईरप्पाच्या हातातला तराजू लवंडला. "मुलगा काय करतो म्हनायचा?"

"अहो मुलगा कसला! कुस्तीला द्या म्हणालोय की."

अशी ती उचगावला आली. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, आत मॅट, कोपऱ्यात चढायचा दोर, भिंतीवर मारुती. तिथं अस्मिता होती. गारगोटीच्या मास्तरांची मुलगी, दोन वर्षांनी मोठी, राज्यात पदकं आणलेली, चपळ म्हणजे किती चपळ! तिला सरावाला तिच्याच वजनाची जोडीदार पाहिजे होती आणि वस्तादांनी सौंदर्याला तिच्यापुढं उभी केली. जोडीदार म्हणजे काय, तर समोरचीला डाव बसवायचा असला की आपण पडायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा पडायचं. सौंदर्या पडली. तक्रार म्हणून कधी केली नाही. अस्मिताला ती अक्का म्हणायची, एका खोलीत राहायची, तिच्या दुखऱ्या पाठीला तेल चोळायची. बघायला आलेले लोक अस्मिताचे फोटो काढायचे आणि हिला म्हणायचे, "बाळ, जरा बाजूला हो."

शेडचा एक नियम होता. सरावात मान अडकली, दम कोंडला, तर खालचीनं वरचीच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की त्या क्षणाला सोडायचं. कुणाचं चुकलं ते नंतर. नाहीतर थोडी हाडं तिथं मोडणार आणि उरलेली वस्ताद मोडणार. सौंदर्याइतका हा नियम कुणीच पाळला नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

जिल्ह्याच्या संघात एका वजनात एकच पोरगी जाते. गेल्या वर्षी निवड चाचणी ह्याच शेडमध्ये झाली आणि ह्या दोघीच समोरासमोर आल्या. सगळ्यांनी निकाल आधीच लावला होता. आणि बघता बघता सौंदर्यानं मोळी बांधली! म्हणजे एक हात मानेमागनं, एक गुडघ्यामागनं, आणि उसाची मोळी आवळावी तशी समोरची आवळून टाकायची. अस्मिताची पाठ मॅटला टेकायला वीतभर उरली होती. एवढ्यात सौंदर्याच्या खांद्यावर थाप पडली. तिनं सोडलं. पंचांनी शिट्टी मारली नव्हती, कुणी थांब म्हटलं नव्हतं, तरी हात आपसूक सुटले. मोकळी झालेल्या अस्मितानं पाय ओढला आणि हिला चीत केली.

ईरप्पा खुर्चीवरनं उठून आला. "अक्का म्हनतीस म्हनून सोडलीस व्हय गं? बापाला एवढ्या लांब, पडलेली बघायला बोलावलंतीस?"

ती खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. रात्री अस्मिताच रडत म्हणाली, "अंबाबाईशपथ, मी मुद्दाम न्हाई मारली. अडकलो की हात जातोच गं माझा." सौंदर्याला ते खरं वाटलं, कारण तिचे हातही तसेच सुटले होते.

ईरप्पानं मात्र निर्णय सांगून टाकला. अजून एक वर्ष. पुढच्या चाचणीत नाव आलं नाही तर कुस्ती बंद, घरी यायचं आणि दुकान बघायचं. बाप वाईट नव्हता हो. पोरगी दुसऱ्याची उशी होऊन राहिलीय, हे त्याला बघवत नव्हतं.

आता वस्तादांचं बघा. शेड त्यांची, नियम त्यांचा, आणि पोरगी का हरली ते त्यांनाच कळेना. मग एकदा जेवणाच्या वेळी सैपाकाच्या धोंडुबाईनं सौंदर्याच्या खांद्यावर थाप मारली, "अगं सरक की जरा." सौंदर्याच्या हातातला दुधाचा तांब्या धाडकन खाली! धोंडुबाई ओरडली, "हात मोडलं काय तुझं?" वस्तादांचा घास तोंडाशीच थांबला.

"मीच खुळा," ते म्हणाले. "पोरीला धरायला शिकवलं न्हाय, सोडायलाच शिकवलं."

दुसऱ्या दिवसापासनं नियम बदलला. सरावात थाप बंद. सोडवून घ्यायचं असेल तर तोंडानं 'बस' म्हणायचं, मोठ्यानं. आणि धोंडुबाईला नवं काम मिळालं. सौंदर्याच्या हातात काही असलं की मागनं जाऊन खांद्यावर थाप मारायची. धोंडुबाईला काय, आयतं कोलीत! बादली भरताना थाप, भाकरी मोडताना थाप, केस विंचरताना थाप. सुरुवातीला रोज काहीतरी सांडायचं, फुटायचं. मग सांडणं कमी झालं. शेवटी तर धोंडुबाईचाच हात दुखायला लागला आणि सौंदर्या ताकाचा पेला तसाच धरून तिच्याकडं बघून हसली. वर्षातलं पहिलं हसू ते.

चाचणीचा दिवस आला. पुन्हा ह्याच दोघी. ईरप्पा ह्या वेळी बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. बसव्वाही आली होती, पण तोंड फिरवून.

अस्मितानं सुरुवातीलाच गुण घेतले, आणखी घेतले. "आटपली," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात अस्मिता पायात घुसायला खाली वाकली आणि सौंदर्यानं वरनं मान धरली, गुडघा धरला, आपलं मनगट आपण धरलं. मोळी! अस्मिताची पाठ कलायला लागली. आणि खांद्यावर थाप पडली.

खोटं कशाला बोला, सौंदर्याची बोटं एका क्षणासाठी सैल झाली. खाली अक्का होती. तिची मान खरंच अडकली असली तर? सौंदर्यानं कान दिला. श्वास ऐकला, दात खाल्लेले ऐकले. 'बस' ऐकू आलं नाही. पुन्हा थाप पडली, तिसरी पडली. सौंदर्यानं डोळे मिटले आणि मिरचीचं पोतं धरावं तसं धरून ठेवलं.

पंचांचा हात मॅटवर आपटला. अस्मिताची पाठ टेकली होती.

शेडमध्ये जो कल्ला झाला म्हणता! वस्ताद मारुतीपुढं आडवे झाले. ईरप्पा भिंतीला तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होता आणि बायकोला कानडीत सांगत होता, धूळ फार आहे म्हणून.

पण मॅटवर वेगळंच चाललेलं. दोघी उठून बसल्या आणि सौंदर्यानं अस्मिताला मिठी मारली. मारली ती सोडेचना. वर्षानुवर्षांचं रडू तिला आत्ताच सुचलं होतं. अस्मिता जिल्ह्याच्या संघातनं बाहेर गेली होती. तिनं सौंदर्याच्या खांद्यावर हळूच थाप मारली. मग आणखी एक मारली.

"अगं सोड की तिला," वस्ताद ओरडले. "कुस्ती संपली!"

"अक्कानं बस म्हनू दे," सौंदर्या तिच्या मानेत तोंड खुपसूनच म्हणाली, "मग सोडतो."

सगळे अस्मिताकडं बघायला लागले. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि दोन्ही हात सौंदर्याच्या पाठीवर नेऊन आपलं मनगट आपण धरलं.