उघड्या हातांचा गोलकीपर

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रियाज बागबान विश्रांतवाडीतल्या गणवेशाच्या दुकानात कापड कापत होता. टेबलावर खाकीचे थर एकावर एक, वरच्या थरावर खडूची रेघ, हातात मोठी कात्री. मांडीच्या वळणावर कात्री रेघ सोडून आत घुसली आणि सगळ्या पँटी एकदमच कामातून गेल्या.

मालक साईनाथ गल्ल्यावरून उठून आला.

"रियाजभाई, पोरांना दोन पाय असतात. आपण दीडच धरलेत."

रियाजनं कात्री टेबलावर ठेवली. मागच्या महिन्यात असंच झालं होतं. पुन्हा झालं तर कात्रीला हात लावायचा नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. शिंप्याच्या दुकानात मान असतो तो कापणाऱ्याला.

त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नाहीत. अंगठ्यात जोर नाही. हे शिवणकामानं झालेलं नाही.

तरुणपणापासून चाळिशीपर्यंत रियाज खडकीच्या एका फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. त्याला घडवलं संघाच्या प्रशिक्षकांनी, रंगरावांनी. त्यांच्या खोलीत जुन्या मासिकातून कापलेला एक फोटो होता: शंभर वर्षांपूर्वीचा उरुग्वेचा कुणी गोलकीपर, लोकरी स्वेटर, डोक्यावर टोपी, हात उघडे. दसऱ्याला रंगराव त्या फोटोला हार घालत आणि नव्या गोलकीपरला त्याच्यापुढे उभं करून सांगत, "आपल्याकडे हातमोजे नाहीत. बायकोचा हात काय हातमोजे घालून धरणार आहेस?"

पोरं हसत. रियाजनं मात्र ते व्रतासारखं पाळलं. समोरचे संघ हातमोजे घालून येत, हा तळहातावर थुंकून उभा राही. बोट मोडलं की शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा गोलमध्ये.

रंगराव गेले, फोटो रियाजच्या घरी आला. गेल्या वर्षी त्याच्या इंजिनिअर मुलानं, फैजनं, तो नीट पाहिला.

"अब्बा, तेव्हा गोलकीपर सहसा हातमोजे घालतच नसत. आज असता तर यानंही घातले असते."

रियाजनं फोटो उतरवला नाही. पण त्या दसऱ्याला हारही आणला नाही.

साईनाथनं वाया गेलेलं कापड गुंडाळलं. "उद्यापासून काजं-बटणं बघा."

"सुई धरता येत नाही, शेठ."

हे तो पहिल्यांदाच कुणापुढे बोलला. साईनाथ त्याच्या हातांकडे पाहत राहिला.

"मग इस्त्री," तो म्हणाला.

काजं करणारी नम्रता हळूच टेबलाशी आली. "काका, कात्रीला धार कुठं लावून आणता?"

"कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडं. समोर उभं राहून लावून घे, नाहीतर पातं खाऊन टाकतो."

कात्री तिच्या हातात देताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

उद्या बुधवार. दुकान साडेनऊला उघडेल. कापायला नम्रता उभी राहील, आणि अकराच्या आत शाळेचे शर्ट इस्त्री होऊन गेले पाहिजेत.