रज्जाकभाईंच्या रिंगा

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर खाली राहणारी रज्जाकभाईंची लेक सलमा जिन्यात उभी होती. "काका, अब्बा गेले," म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. बावड्याहून भावाचा फोन आला होता. झोपेतच गेले... दोन महिने होत आले. रज्जाकभाईंवर लिहायला बसतो आणि उठतो, कारण नुसतं चांगलं लिहून मला सुटता येणार नाही.

मी बारामतीत घरं बांधणारा ठेकेदार. रज्जाकभाई वीसेक वर्षं माझ्याकडे सळई बांधायचे. तरुणपणी ते किल्लारीला, भूकंपानंतरच्या घरबांधणीवर होते. तिथून परत आले ते एक वेड घेऊनच. कॉलमच्या उभ्या सळयांना आवळून धरणारी जी रिंग असते, तिची टोकं काटकोनात सरळ सोडायची नाहीत, आत वळवायची. "आप्पा, वरचं काँक्रीट फुटलं तर सरळ टोकाची रिंग उघडती. आत वळलेली उघडत न्हाय," हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. मी चेष्टा करायचो, "रज्जाकभाई, भूकंपाला आपल्याकडं यायला सवड कुठंय?" ते हसायचे नाहीत. "किल्लारीतबी लोक असंच म्हणत व्हते," एवढंच बोलून पुन्हा सळईला भिडायचे. एकेका रिंगेला दुप्पट वेळ लावायचे आणि मी कपाळाला हात लावून बसायचो.

माझं स्वतःचं घर चाललं होतं तेव्हा ते पुतणीच्या लग्नाला बावड्याला गेले. निम्म्या रिंगा वळवून झाल्या होत्या. दोन दिवस थांबा, असं बजावून गेले होते. पण काँक्रीटची टोळी तेवढ्यात मोकळी मिळाली, पुढं पंधरा दिवस मिळणार नव्हती... उरलेल्या रिंगा मी दुसऱ्याकडून सरळ टोकाच्या करून घेतल्या आणि कॉलम भरून टाकले. लोकांची घरं त्यांच्या धाकानं नीट बांधली आणि घाई केली ती स्वतःच्याच घरात. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "राहिलेल्या रिंगा कशा वळवल्या?" मी म्हणालो, "तुम्ही सांगता तशाच. मी समोर उभा होतो." त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

चार वर्षांपूर्वी सलमाला इथल्या शाळेत नोकरी लागली. तिनं एका नव्या इमारतीत फ्लॅट पसंत केला होता. रज्जाकभाईंनी तो बघितला आणि मोडता घातला. "खाली गाड्या लावायला नुसतं खांब, भिंत न्हाय. जमीन हादरली की पयली हीच बिल्डिंग बसंल. तू आप्पांच्या खाली ऱ्हा. त्या घरात मला घोर न्हाय." लेक, जावई, दोन नाती, सगळ्यांना त्यांनी माझ्या तळमजल्यावर आणून ठेवलं. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

चाळिसाव्याला बावड्याला गेलो होतो. परतताना गाडीत मी सलमाला सगळं सांगून टाकलं. लासुर्णे गाव आलं. मग तिनं विचारलं, "अब्बांना कळलं होतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत रडत राहिली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

सध्या ती मंडळी शाळेजवळ राहायला गेली आहेत. इंजिनिअर आणून मी तळमजल्याचं प्लॅस्टर काढलं. कॉलमना बाहेरून नवी सळई आणि आत वळवलेल्या रिंगा बांधून झाल्या आहेत, वर पुन्हा काँक्रीट भरायचं आहे. काल शाळा सुटल्यावर सलमा आली. काँक्रीट पडण्याआधी रज्जाकभाई प्रत्येक रिंगेच्या टोकावरून बोट फिरवायचे. तीही तसंच करू लागली, एकेक कॉलम, खालपासून वरपर्यंत.

"मी बघितल्यात सगळ्या," मी म्हणालो.

"असू द्या, काका," ती म्हणाली आणि पुढच्या कॉलमपाशी जाऊन खाली बसली.