फक्कीनं आखलेली वस्ती

भटक्या कुटुंबांसाठी वसाहतीचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पाटोद्याच्या ऑफिसात कंत्राटी इंजिनिअर म्हणून लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. साहेबांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घिसाड्यांची वीस कुटुंबं आहेत. गायरानात जागा मंजूर झालीय. सोमवारपर्यंत नकाशा द्या."

मी शुक्रवारीच दिला. दहा-दहा घरांच्या दोन सरळ रांगा, सगळी दारं रस्त्याकडे, मधे बाग, बागेत चार बाकं. बागेला मी कॉम्प्युटरवर हिरवा रंगही भरला होता. जागेवर मात्र गेले नव्हते. मोजणीचा कागद होता, त्यावर चारी बाजूंची मापं होती. आणखी काय लागतं?

साहेब म्हणाले, "एकदा त्या लोकांना दाखवून या, सही-अंगठे घेऊन या." म्हणून मी स्कूटी काढली.

लिंबागणेशकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांची पालं होती. सकाळचे दहा वाजले असतील. एक बाई भट्टीचा पंखा फिरवत होती, एक माणूस लालभडक खुरपं ऐरणीवर ठेवून ठोकत होता. त्या दोघांच्या मधे एक म्हातारी पाटावर बसून सगळ्यांना सूचना देत होती. तिला सगळे आत्या म्हणत. खुरपं ठोकणारा तिचा धाकटा भाऊ. मी नकाशा उघडला तशी आत्यानं हात पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतला.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी तिसरं घर दाखवलं.

"आन् माजी भट्टी?"

भट्टी नव्हती.

"बरं. गाढवं कुठं बांदायची?"

गाढवंही नव्हती. मी घाईघाईनं म्हणाले, "इथं बाग आहे ना, मोकळी जागा."

"मग ठीक हाय," आत्या भावाकडे बघून म्हणाली, "बागेत चरतील आपली गाढवं. सरकारनं सोय केली."

भट्टीपाशी एकच हशा पिकला. माझे कान तापले, पण हसूही आलं. तिनं टोमणा मारला होता आणि लगेच चहाही मागवला होता, त्यामुळे रागावताही येईना. चहा पिताना ती म्हणाली, "म्याडम, कागदावर मला काय उमगत न्हाई. तुमी जाग्यावर चला. तितं आखून दावा, मी उबी राहून बगते."

दुसऱ्या दिवशी मी कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की दोन पोती घेतली आणि आम्ही गायरानात गेलो. दोऱ्या लावून मी माझी वीसच्या वीस घरं जमिनीवर मारली. खऱ्या मापाची. आत्या तिसऱ्या चौकोनात शिरली, खाली बसली, पाय पसरले, आडवी झाली, उठली. मग दारात उभं राहिल्यासारखी उभी राहिली.

"हितून मला माजी सून दिसत न्हाई."

"सून शेजारच्याच घरात असेल की."

"तेच म्हन्ते. शेजारी हाय, पन दिसत न्हाई. समदी तोंडं रस्त्याकडं. रस्त्यावरचे टरक बगत बसू का?"

मग तिनं जाहीर करून टाकलं की नुसतं उभं राहून कळत नसतं, आठ दिवस राहूनच बघावं लागेल. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाच कुटुंबांनी आपली पालं उचलून माझ्या पांढऱ्या रेघांच्या आत टाकली. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे ट्रायल घेतायत? घराची?" मग स्वतःच म्हणाले, "घेऊ द्या. शेवटी तिथंच राहायचंय त्यांना."

ते आठ दिवस मी ऑफिसला जायच्या आधी रोज तिथं जायचे. रोज एक नवीन तक्रार आणि एक चहा. पहिल्या दिवशी रस्त्याची धूळ थेट भाकरीवर. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि भट्टीचा धूर सगळ्या पालांतून फिरून आला. तिसऱ्या दिवशी कळलं की कोंबड्या बिनदिक्कत शेजारच्या शेतात जातात आणि शेतकऱ्याला ते अजिबात आवडत नाही. मी वहीत लिहून घेत होते. कॉलेजात चार वर्षांत यातलं एकही वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आत्याचा भाऊ मला हाताला धरूनच खालच्या अंगाला घेऊन गेला. तिथं बाभळी होत्या. त्यांच्या फांद्यांत, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काटक्या, कडब्याचा चुरा असा कचरा अडकलेला होता. सगळ्या बाभळींना एकाच उंचीवर.

"हे वाऱ्यानं आलं का?" त्यानं विचारलं.

वाऱ्यानं आलेला कचरा इतका एका रेषेत अडकत नाही, हे मलाही दिसत होतं.

"पानी आलतं हितून," तो म्हणाला. "मोटं पानी. तुमचं तिसरं घर बुडतंय, म्याडम."

मी त्या बाभळींकडे बघत उभी राहिले. नकाशा सोमवारी मंजूर झाला असता तर? तिथं पाया खणला असता, भिंती उभ्या राहिल्या असत्या, आणि एखाद्या पावसाळ्यात वीस घरांत गुडघाभर पाणी. कागदावर सगळं बरोबर होतं. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून उगाचच खूप वेळ बोलले.

त्याच गायरानात वरच्या बाजूला उंचवटा होता. तिथं कोरडं होतं, वारा चांगला होता, हापसाही जवळ होता. अडचण एकच. तिथं गावातल्या पोरांचं क्रिकेटचं मैदान होतं.

वस्ती तिथं हलवायचा विषय निघताच ग्रामसभेत आरडाओरडा झाला. "खालची जागा दिली ना त्यास्नी? मग वर कावून?" एक तरुण उठून ओरडला, "आमी खेळायचं कुठं?" मी बाभळींचे फोटो मोबाइलवर दाखवत फिरले, कुणी बघितले, कुणी नाही. सरपंचबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "चला, समदे जागेवर चला." तोवर मला कळून चुकलं होतं की या तालुक्यात शहाणी माणसं जागेवरच बोलतात.

जागेवर आत्यानंच तोडगा काढला. घोड्याच्या नालासारखी वस्ती करायची. दारं आत, एकमेकांसमोर. मधे मोकळं अंगण. भट्ट्या अशा टोकाला, की धूर घरांवर येणार नाही; जनावरं मागं. तशी आखल्यावर वस्ती आखडली आणि मैदान जवळजवळ वाचलं. फक्त एका बाजूची बाउंड्री दहा पावलं आत आली. तो ओरडणारा तरुण पावलं मोजून आला आणि म्हणाला, "मग काय, सिक्स मारणं सोप्पं झालं बे!" ठराव तिथंच उभ्या-उभ्या झाला.

साहेबांना नवा नकाशा बघून धक्काच बसला. "ही काय वाकडी वसाहत? बाग कुठं गेली?"

मी म्हणाले, "बाग गाढवांना आवडली असती, सर. माणसांनी नको म्हटलंय." मग मी त्यांना बाभळींचे फोटो दाखवले. त्यांनी ते दोनदा बघितले आणि सही केली.

आता बारा घरं पूर्ण झालीत. उरलेल्या आठांचे पाये भरून पडलेत, त्यांच्यासाठी मी अजून फायली घेऊन फिरते. दिवाळी झाल्यावर आत्याचं बिऱ्हाड नेहमीसारखं टेम्पोत भांडी-ऐरण चढवून निघालं. सुगीत गावोगाव विळे-खुरप्यांचं काम असतं. गावातलं कुणीतरी म्हणालं, बघा, घर दिलं तरी निघाले. मी नेमकी तिथं होते. मलाही थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आत्या नवंकोरं पितळी कुलूप दाराला लावत होती. दोनदा ओढून बघितलं.

"आत्या, आत्ताच तर राहायला आलात. इतक्यात निघालात?"

"राहनार हाय की. मिरगाच्या आदी येते." तिनं किल्ली कमरेला खोचली. "आजवर भाईर जाताना समदंच संगं न्यावं लागायचं. पालाला कुलूप लावता येतं का? आवंदा निम्मी भांडी घरातच ठिवली. टेम्पोत पुडं बसायला जागा झाली बग मला."

आणि ती खरोखरच ऐसपैस बसली, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीतून हात बाहेर टाकून.