डावीकडून चौथी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर मी साधी दाढ दुखली तरी दिवसातून चारदा सांगायचो. ती गेली. आता घरात ऐकायला कोणी नाही, रेडिओसुद्धा नुसता बोलतो, ऐकत नाही. म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. मधेच थांबलो तर थांबू द्या.

नागपुरात महाल भागात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, मुंजीचे, नोकरीच्या अर्जाचे — सगळे फोटो काढायचो. पण डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरलं, की दुकानाला कुलूप लावून मी मोर्च्यांमागे फिरायचो. गावोगावची माणसं यायची, पोलीस अडवतील तिथं बसायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. मी समोरून फोटो काढायचो आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेत लावायचो. लोक येऊन त्यात स्वतःला शोधायचे. तुम्ही हसाल — पण आरशात पाहणं वेगळं, अन् सरकारच्या दारात हजार माणसांत आपण उभे आहोत हे पाहणं वेगळं. छाती फुगायची हो त्यांची! माझीही फुगायची, खोटं काहून बोलू?

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यातल्या बायांचा मोर्चा आला. मागणी काय, तर प्यायला पाणी आणि लेकरांना निजवायला एक खोली. बस, एवढीच. पुढच्या रांगेत अकरा जणी, मुठी वर. तसा फोटो मला पुन्हा कधी जमला नाही.

रविवारी त्या अकराही जणी दुकानात आल्या. ज्याला कॉपी पाहिजे त्याचं नाव फोटोच्या मागे लिहायची माझी पद्धत होती — रांग धरून, डावीकडून, म्हणजे घोळ नको. दहा जणींनी आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगितली. चौथीनं मात्र मान हलवली. "माह्ये डोये मिटले जी. मले नको." बाकीच्या खदखदून हसल्या. "कौसा, तू तं मोर्च्यातच झोपून राहिली वं!" तीही हसली. मी तिच्या जागी एक रेघ मारली.

इथवर सांगणं सोपं आहे.

दोन दिवसांनी भर दुपारी त्या कारखान्याचा एक कारकून आला. गोड माणूस. काचेसमोर उभा राहून म्हणाला, काय फोटो काढला साहेब, चेहरे कसे बोलून राहिले! मला साहेब कोणी म्हणत नसे, आणि फोटो चांगला आहे असंही कोणी म्हटलं नव्हतं. मी चहा मागवला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, ह्या कोण कोण हो?

मला काही कळलंच नाही, असं म्हणू का? कळलं होतं. त्यानं मांडीवर कागद ठेवला होता, हातात पेन्सिल होती. तरी मी फोटो उलटा केला. एक नाव त्याला लागेना — ते मीच वाचून दाखवलं. रेघेवरून त्याची पेन्सिल तशीच पुढे गेली.

आठवड्याच्या आत दहा जणींना कामावरून काढलं. राहिली ती कौसल्या — रेघेवाली कौसा.

एवढंच असतं, तर कदाचित मी कधीतरी बोललोही असतो. पण अकरातल्या दहा गेल्या, तर एकच काहून राहिली? बायांनी आपलं उत्तर काढलं. नावं कौसानंच दिली. नळावर ती आली की बाकीच्या भांडी उचलून घेत. तिच्या पोरीला कोणी खेळायला घेईना. हे मला कसं माहीत? तिनंच सांगितलं. एका सकाळी दुकानात आली, स्टुलावर बस म्हटलं तरी बसली नाही. "तुम्ही नावं लेहून घेतले होते ना, भाऊ? कोनं पायले असन का? तेवढं एक डाव बायाईले सांगा ना जी."

मी म्हणालो, तो फोटो माझ्या दुकानाबाहेर गेला नाही. आणि ते खरंच होतं, पहा! फोटो गेला नव्हता. नावं गेली होती.

ती म्हणाली, "मंग मी नाही सांगतलं, हे कोनाले मालूम?" मी काच पुसत होतो. पुसतच राहिलो. भीती वाटत होती मला — महालात तोंड कसं दाखवू, पुढच्या मोर्च्यात माझ्यासमोर कोण उभं राहील? दुकानाची पायरी उतरताना तिनं पदर तोंडाला लावला होता.

पुढच्या डिसेंबरात त्या बाया पुन्हा आल्या. कौसल्याही होती. दहा पावलं मागे, एकटी. तिला कोणी हाकललं नाही, कोणी बोलावलंही नाही. मूठ मात्र वर होती. ह्या वेळी डोळे उघडे होते — सरळ माझ्याकडे. मी कॅमेऱ्याचं झाकण लावून टाकलं. त्यानंतर मोर्च्याला गेलो नाही.

फोटो अजून पेटीत आहे. मागे दहा नावं, माझ्याच अक्षरात. चौथ्या जागी रेघ. तिथं तिचं नाव लिहावं म्हणून कितीदा पेन्सिल घेऊन बसलो, पण आता ते लिहून कोणाला दाखवू? ती कुठं आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही.

मी नाही सांगितलं हे कोणाला मालूम, असं तिनं विचारलं होतं. मला मालूम होतं. ती पायरी उतरून रस्त्याला लागली, कोपऱ्यावर वळली, तोवर एक हाक मारायला पुरेसा वेळ होता.