मागच्या दाराच्या करंज्या

माझं जे काही बरं झालं, ते माझ्या आत्यामुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण मला शाळेत घातलं, अभ्यासाला बसवलं ते तिनं. ती करंज्या करायची. तालुक्याच्या मिठाईवाल्याकडे तिचे डबे मागच्या दारानं आत जायचे आणि पुढे काचेत ‘आमच्या आचाऱ्यांच्या हातच्या’ अशी पाटी लागायची. बाईनं घरी केलेलं विकत कोण घेईल, असं मालक म्हणायचे. आत्या हसायची.

सध्या मी कार्डिफला जपानी मिठाईच्या इतिहासावर प्रबंध लिहितो आहे. जपानात नावाजलेले कारागीर पुरुष. गोड खाणं मात्र बायकामुलांचं. पुरुषानं दारू प्यावी. एकट्यानं दुकानात बसून केक खायची त्याला लाज वाटायची. अलीकडे कुठे गोडखाऊ पुरुषांसाठी वेगळी पाकिटं निघू लागली. माझ्या पहिल्या प्रकरणाचं नाव होतं, ‘घडवणारे पुरुष, खाणाऱ्या बायका’.

एकदा माझ्या जपानी गाइडबाईंनी एका म्हाताऱ्या कारागिराचा व्हिडिओ लावला. तो मिठाईच्या कडेला बोटांनी चुण्या घालत होता. माझी आत्या करंजीला अशीच मुरड घालते, असं मी बोलून गेलो. मग मागच्या दाराचीही गोष्ट सांगितली. बाईंनी व्हिडिओ थांबवला. त्यांची आजी आजोबांच्या दुकानात जन्मभर गोड सारण घोटत होती, म्हणाल्या, पण दुकानाच्या एकाही फोटोत नाही.

“तुम्ही पाटी वाचून इतिहास लिहिलात. मागच्या दारानं कोण येतं, ते तुम्हाला तर माहीत होतं.”

ते मला लागलं. विद्यापीठाच्या अर्जात पालक म्हणून दिलेल्या आत्याच्या नावापुढे मी स्वतः ‘गृहिणी’ लिहिलं होतं.

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. त्यात तिचं नाव घालू का, म्हणून फोनवर विचारलं.

“माझं कशाला रे? मालकांना वाईट वाटेल,” ती म्हणाली आणि इथल्या थंडीची चौकशी करू लागली.

म्हणून पत्र पाठवलं:

‘ती. आत्यास सा. नमस्कार.
मालकांचं नाव मी कुठंच घेत नाही, काळजी करू नकोस. जपानातल्या त्या बायकांची नावं मला सापडत नाहीत, कुणी लिहूनच ठेवली नाहीत. तुझं मला माहीत आहे. तू नको म्हणालीस तर जागा कोरी ठेवीन, पण तिथं आचारी लिहिणार नाही. चालणार असेल, तर तू मला दरवर्षी पाठवतेस त्या दिवाळीच्या डब्यावर या वेळी माझ्या नावाखाली तुझंही नाव लिही. पूर्ण.’