अनुभव सांगायला आणलेली बाई

नव्वदीच्या दशकात मी एका आरोग्यसेवी संस्थेत नवा होतो, तेव्हा ओतूरच्या कॉलेजात देणगीदारांची परिषद भरली. डोंगरातल्या गावांसाठी अँब्युलन्स घ्यायची होती. तिकडचीच एक बाई अनुभव सांगायला आणली होती. दवाखान्याच्या वाटेवर तिची मुलगी झोळीतच गेली होती. बाईंना सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. भेगाळलेली पावलं लुगड्याखाली ओढून घ्यायची, कुणी जवळून गेलं की उठून उभी राहायची. माईकवर मात्र तिनं हळू आवाजात सगळं नीट सांगितलं. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या.

जेवणानंतर आमचे साहेब म्हणाले, "पुण्याचे पाहुणे उशिरा आलेत. बाईंना परत एकदा बोलू द्या."

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सांगते की भाऊ. पर दर बारीला पोर वाटंतच मरती. दवाखान्यापतुर न्हाईच पोचत."

मला साहेबांना 'नको' म्हणता आलं असतं. मी तिला पाणी दिलं आणि स्टेजवर नेऊन सोडलं. ती बोलू लागली तसा मी हॉलबाहेर येऊन उभा राहिलो. निदान समोर बसायला हवं होतं, हे फार उशिरा कळलं.

आतून टाळ्या ऐकू आल्या.